तिच्या नावाचा शिक्का

उरवड्याला आमची जमीन रस्त्यालगत होती म्हणून मी कारखानदार झालो. थोरल्या भावाने त्याच्या वाटणीत खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या, मी माझ्या वाटणीत शेड उभी केली. उंचावर काम करणारी माणसं अंगाला जो सेफ्टीचा पट्टा बांधतात, त्याच्या दोरीच्या टोकाला एक मोठा हूक असतो. तो डोक्यावरच्या पाइपला अडकवायचा आणि मग काम करायचं. पाय घसरला तर अख्खा माणूस त्या हुकावर लटकतो. ते हूक आम्ही करायचो. अजूनही करतो.

माल तपासायला आमच्याच गावची एक बाई होती. बौद्ध वस्तीतली, शाळेत माझ्या पाच-सहा वर्षं मागे. रोज एसटीने पुण्याला जाऊन तिने धातूंच्या परीक्षणाचा डिप्लोमा केला होता. दोन मोठ्या कंपन्यांत नोकरी केलेली, पण मुलगी लहान म्हणून तिला घराजवळ काम हवं होतं. कारखान्यात तिला सगळे मॅडम म्हणत. मी गावच्या सवयीने अगं-तुगं करायचो आणि ती मला दादा म्हणायची. प्रत्येक लॉटमधले पाच हूक ती मशीनवर ओढून बघायची. ठरलेल्या ताणापर्यंत पाचही टिकले की दाखल्यावर सही करायची आणि खाली स्वतःच्या नावाचा शिक्का मारायची. त्या शिक्क्याशिवाय माल फाटकाबाहेर जायचा नाही. हा नियम मीच केला होता.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्या गुरुवारी सकाळी चारशे हूक जस्ताचा मुलामा होऊन शेजारच्या शेडमधून आले आणि अर्ध्या तासात लाईट गेली. हूक गंजू नयेत म्हणून हा मुलामा देतात. पण तो देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तीन-चार तासांच्या आत माल भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही, तर पोलाद आतून ठिसूळ होतं. वरून काहीच कळत नाही. हूक तसाच चकचकीत दिसतो.

दुपारी येणारी लाईट संध्याकाळपर्यंत आली नाही. माझा जनरेटर भट्टी ओढेल एवढा नव्हता. पिरंगुटला एका ओळखीच्या कंपनीत मोठ्या जनरेटरवर भट्टी चालू होती. टेम्पो करून माल तिकडे न्यायचा, त्यांची मिनतवारी करायची, एवढंच करायला हवं होतं. भट्टीवरच्या माणसाने दोनदा येऊन विचारलं. मी म्हटलं, "राहू दे. सकाळी भाजू." या वाक्यामागे बेइमानी नव्हती, आळस होता. पण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

शुक्रवारी सकाळी माल भट्टीतून काढला आणि दुपारी ती पाच हूक घेऊन मशीनवर बसली. मी तिथेच उभा होतो. पहिला टिकला, दुसरा टिकला. तिसऱ्याला काटा चढत असताना खणकन आवाज आला आणि हुकाचे दोन तुकडे झाले. ठरलेल्या ताणाच्या बराच अलीकडे. चांगलं पोलाद तुटायच्या आधी वाकतं, ताणतं. हा वाकलाच नव्हता. तिने तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. तुटलेली बाजू साखरेच्या दाण्यांसारखी चमकत होती.

"भट्टीच्या वहीत वेळ बघितली मी," ती म्हणाली. "काल सकाळचा माल आज सकाळी भाजलाय."

"दुसरे पाच घे."

तिने दुसरे पाच घेतले. पाचही टिकले.

"झालं की मग. एखादा निघतो तसा."

"दादा, हा तसला माल नाही. आज टिकलेला हूक चार दिवसांनी नुसत्या वजनाने तुटेल. चारशेच्या चारशे ओढले तरी कुठला चांगला ते मी सांगू शकणार नाही. हा लॉट भंगारात घाला."

पट्टे बनवणारा आमचा ग्राहक भुकूमला होता. वयस्कर गृहस्थ, शब्दाचा पक्का. त्याचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. पट्टे शिवून तयार होते, फक्त हूक अडकवायचे बाकी होते आणि सूसच्या एका मोठ्या इमारतीच्या कामावर शनिवारी सकाळी पट्टे पोचवायचा शब्द त्याने दिला होता. माझं निम्मं काम त्याच्यावर चालायचं. पस्तीस माणसं माझ्याकडे कामाला होती. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत आहे. पण सही होणार नाही."

त्या दिवशी मुलीच्या शाळेत पालकांची बैठक होती म्हणून ती साडेचारला निघाली. टेम्पो साडेपाचला आला. ड्रायव्हर फाटकात उभा राहून चहा पीत होता. मी तिच्या टेबलाचा खण उघडला. कुलूप नव्हतं, माझ्या कारखान्यात कुणी कुणाचं काही घेत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. शिक्का काढला, दाखल्यावर मारला आणि वर तिच्या सहीसारखी एक वळणदार रेघ ओढली. सही बरी जमली असं वाटलं. आज लिहिताना त्या वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास ती माझ्या केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं. हातात दाखल्याची स्थळप्रत होती.

"हा शिक्का कुणी मारला?"

मी म्हटलं, "मी मारला. जबाबदारी माझी. तुझ्यावर काही येऊ देणार न्हाई."

"जबाबदारी तुमची, तर तुमच्या नावाने मारायचा होता." कारखान्यात ती नेहमी शहरातलं मराठी बोलायची. आता एकदम गावचं बोलायला लागली. "नाव माजं हाय ह्याच्यावर. उद्या माणूस पडला तर लोक हे नाव वाचतील. आणि न्हाई वाचलं तरी मला ठाऊक असंल की."

"कुणी पडत न्हाई. पाचातले पाच टिकलेत."

"आठातला एक तुटला. तुमी तो मोजत न्हाई, एवढंच."

मग ती म्हणाली, "आज तुमी जाऊन सांगा त्यांना. न्हाई सांगितलं, तर मी सांगीन. तुमच्या मागनं करायचं न्हाई म्हणून आधी तुमाला सांगतीया."

तेव्हा मी जे बोललो ते टाळून ही आठवण लिहिता येणार नाही. मी म्हटलं, "तुमच्या वस्तीतल्या सात-आठ जणांना मी कामाला लावलंय. हे ध्यानात ठेवून बोल."

तिने आवाज चढवला नाही. "कामाला लावलं, व्हय. आणि त्यांनी काम केलं. फुकट कुणी काय घेतलं न्हाई." दाखल्याची प्रत टेबलावर ठेवून ती गेली. दार मात्र उघडंच ठेवलं. बाहेर मशीन चालू होत्या, तरी मला वाटलं की सगळे कान इकडेच आहेत.

मी अर्धा-पाऊण तास तसाच बसलो. मनात हिशेब चालू होते, पण ते सुटकेचे होते. भुकूमवाल्याला सांगावं की लॉट बदलायचाय, कारण सांगू नये. सांगावं की मुलामा नीट बसला नाही, दिसायला खराब आहे. सोमवारी सांगावं. तिला दोन दिवस समजावता येईल. प्रत्येक वाट थोडी थोडी चालून बघितली आणि प्रत्येक वाटेवर एक माणूस परांचीवर उभा दिसायला लागला. त्याला तोंड नव्हतं. पट्टा होता आणि आमचा हूक होता.

शेवटी गाडी काढली. उरवड्याहून भुकूम काही लांब नाही, पण पिरंगुटच्या चौकात शनिवारची गर्दी होती आणि घाटात एक कंटेनर बंद पडला होता. मला त्या अडचणींचं बरं वाटत होतं. भुकूमला पोचल्यावर फाटकासमोर गाडी उभी केली आणि आत न जाता बसून राहिलो. इंजिन चालूच. वळवून परत जावं असं किमान दोनदा वाटलं. मग वॉचमनने ओळखून सलाम केला आणि फाटक उघडलं. आता परत फिरणं विचित्र दिसलं असतं, म्हणून मी आत गेलो.

भुकूमचे काका चष्मा लावून पट्ट्याची शिलाई बघत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. माल वेळेत भाजला नाही, तपासणीत तुटला, तपासणाऱ्या बाईंनी सही नाकारली, शिक्का मी मारला. मधे कुठे थांबलो असतो तर पुढचं बोललोच नसतो.

त्यांनी चष्मा काढला. "हे मला कशाला सांगितलंस?"

मला वाटलं, प्रश्न रागाचा आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

"काल सांगायचं होतंस, मी माल घेतला नसता. नाहीतर सांगायचंच नव्हतं. आता मला माहीत झालंय. आता मी काय करू?"

"माल परत द्या."

"साठ पट्टे सकाळी सातला सूसला गेले. बाकीचे इथे आहेत." ते खुर्चीत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी गुपचूप बदलून देऊ. कुणाला कळायची गरज नाही. दोघांचंही नाव राहील."

हा मार्ग मी स्वतः केबिनमध्ये बसून धरून सोडला होता, म्हणूनच बहुधा मला बोलता आलं. "काका, आज शनिवार आहे. संध्याकाळपर्यंत माणसं काम करणार. उद्याही काही जण चढतील."

त्यांनी माझ्याकडे न बघता फोन उचलला आणि सूसच्या कामावरच्या माणसाला सांगितलं, "उरवड्याचे हूकवाले येतायत. त्यांना वर जाऊ द्या." एवढंच. कारण त्यांनी सांगितलं नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "तुझं तू सांग."

सूस आता गाव कुठे आणि सोसायट्या कुठे हे कळू नये असं झालंय. ती इमारत टेकडीच्या उतारावर होती. खाली सेफ्टी बघणारा बिहारचा एक तरुण अधिकारी हेल्मेट घालून उभा होता. मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याला आधी पटेना.

"नया माल है सर. आज सुबह ही तो आया है."

"नयाही खराब है. मैंने बनाया है."

त्याने वर बघितलं. मीही बघितलं. चौदाव्या-पंधराव्या मजल्याच्या बाहेरून परांची बांधली होती आणि तिच्यावर बाहेरच्या गिलाव्याचं काम चालू होतं. खालून माणसं बोटाएवढी दिसत होती. पाठीवर नव्या पट्ट्यांचा पिवळा रंग.

"चिल्लाना मत," मी म्हटलं. "घबराके हिलेंगे."

त्यालाही तेच वाटत होतं. बांधकामाच्या लिफ्टमधून आम्ही वर गेलो. ती जाळीची असते, जमीन खाली जाताना दिसते. चौदाव्या मजल्यावर खिडक्यांच्या रिकाम्या चौकटींतून बाहेरची माणसं दिसली. सहा जण होते. अधिकाऱ्याने शांत आवाजात, चहाला बोलवावं तसं बोलावलं. "एक एक करके अंदर आओ. पाइप पकड़के. बेल्ट चेक करना है."

पाच जण आले. सहावा टोकाला होता. पस्तीशीचा असेल, डोक्याला गमछा गुंडाळलेला. त्याला एक कोपरा पुरा करायचा होता. तो पाय परांचीला टेकवून, पाठ मागे टाकून, सगळं वजन हुकावर सोडून थापी मारत होता. पट्टा नवा होता, म्हणून त्याचा त्याच्यावर भरवसा होता.

"अंदर आ जाओ भैया."

"दो मिनट साहब. मसाला सूख जाएगा."

"पहले आ जाओ."

"बस हो गया." तो हसला आणि आणखी मागे झुकला.

मी खिडकीच्या चौकटीला धरून उभा होतो. त्याच्या डोक्यावर पाइपला अडकलेला हूक मला स्पष्ट दिसत होता. हुकाच्या पाठीवर आमच्या कारखान्याची खूण असते, तीही दिसली. ओरडलो तर तो दचकेल, न ओरडलो तर तो तसाच लटकत राहील. अधिकारी पुढे सरकला आणि त्याने हात लांब केला. "ये पकड़ो. मेरा पैर फँस गया है, ज़रा खींचो." तो माणूस थापी खोचून सरळ झाला, परांचीवर उभा राहिला, पाइप धरत दोन पावलं आला आणि अधिकाऱ्याचा हात धरला. अधिकाऱ्याने त्याला आत ओढलं ते इतक्या जोराने की दोघेही जमिनीवर बसले.

त्या माणसाला काही कळलं नाही. तो उठून कपडे झटकत म्हणाला, "पैर तो ठीक है आपका."

संध्याकाळपर्यंत आम्ही साठच्या साठ पट्टे गोळा केले. काकांकडचे बाकीचे हूकही परत आले आणि भंगारात गेले. काम थांबलं, ठेकेदार येऊन मला हवं ते बोलला. मी ऐकून घेतलं.

सोमवारी ती आली, तेव्हा साठ पट्ट्यांचे हूक तिच्या टेबलाशेजारी पोत्यात होते. मी म्हटलं, सगळे ओढून बघूया. दिवसभर आम्ही दोघं मशीनवर होतो, ती हूक लावायची, मी लिहायचो. साठांतले नऊ तुटले. त्यांत गमछावाल्याचा होता की नाही हे मला कळणार नव्हतं, कारण सगळे एकाच पोत्यात टाकले होते. खूण करून ठेवायला हवी होती असं कधी वाटतं, कधी वाटतं की बरं झालं.

शेवटचा हूक झाल्यावर मी तिची माफी मागितली. शिक्क्याबद्दल मागितली आणि वस्तीबद्दल जे बोललो त्याबद्दलही. ती म्हणाली, "शिक्क्याचं वहीत लिहा. तुमच्या हाताने." तपासणीच्या वहीत मी लिहिलं की अमुक लॉटच्या दाखल्यावरची सही खोटी असून ती मी केली. खाली माझं नाव लिहून सही केली. दुसऱ्या गोष्टीबद्दल ती काहीच बोलली नाही. ती वहीत लिहून मिटणारी नव्हती.

भुकूमच्या काकांनी पुढचे आठ महिने आम्हाला काम दिलं नाही. त्यांचा सूसचा ग्राहक गेला होता, त्यामुळे मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? अकरा माणसं कमी करावी लागली. त्यांतले तिघे तिच्या वस्तीतले होते. त्यातला एक जण एकदा पिरंगुटच्या चौकात भेटला आणि म्हणाला, "दादा, भट्टीची चूक तुमची, आन् घरी बसलो आमी." खरं बोलल्याने सगळ्यांचं बरं होतं असं मी ऐकत आलो होतो. तसं झालं नाही. त्याला मी दुसरीकडे लावून दिलं, पण त्याने मला माफ केलं असेल असं वाटत नाही. मला हलकं वाटेल अशीही अपेक्षा होती. तेही फारसं झालं नाही. फक्त झोप आली, हे खरं.

दीड वर्षाने तिला चाकणला चांगली नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ती किल्ल्या द्यायला केबिनमध्ये आली. मी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं.

"त्या शनिवारी मी गेलो नसतो, तर तू खरंच सांगितलं असतंस?"

ती किंचित संकोचली. "दादा, मी गेलेच होते. तुमच्या आधी. केबिनमधनं निघाले ती सरळ स्टॉपवर गेले आणि जीप मिळाली. भुकूमला काकांच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभी होते. आत जायची छाती होईना. तेवढ्यात तुमची गाडी आली."

"मग मी बराच वेळ आत गेलो नव्हतो."

"बघितलं मी. इंजिन चालू होतं."

"मी परत फिरलो असतो तर?"

"तर मी गेले असते," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'ने मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या कौतुकाने दिला नाही. दीड वर्ष मी समजत होतो की तिच्यासारख्या माणसांना असल्या गोष्टी सोप्या जातात आणि माझ्यासारख्यांना जड. रस्त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघंही घाबरून उभे होतो.

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नव्या माणसाला मशीनचा काटा दर महिन्याला तपासून घ्यायला सांगा म्हणाली, आणि सगळ्यांना भेटायला शेडमध्ये गेली.